टॉवर नाही, इंटरनेट नाही: व्हीएचएफ कॉन्टेस्टच्या वीकेंडला मी डोंगरावर काय करत होते?

जूनमधला शनिवार, दुपारचे पावणेदोन. अमेरिकेत न्यू जर्सीच्या उत्तर टोकाला हाय पॉइंट नावाचा डोंगर आहे, तिथे मी उभी होते. एका हातात पाच वॉटचा वॉकीटॉकीसारखा रेडिओ, दुसऱ्या हातात पीव्हीसी पाइपला स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे लावून घरी बनवलेला अँटेना. नाशिकला तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते आणि व्हिडिओ कॉलवर आई विचारत होती, "अगं, फोन आहे ना हातात? मग हे काय घेऊन उभी आहेस?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मला त्या वेळी धड देता आलं नाही, कारण पंधरा मिनिटांत कॉन्टेस्ट सुरू होणार होती. ते उत्तर आता देते, जरा सविस्तर.

आधी फोनचं बघू. तुम्ही नाशिकहून पुण्याला कॉल लावता तेव्हा तुमचा आवाज हवेतून पुण्याला जात नाही. तो जातो जवळच्या टॉवरपर्यंत, म्हणजे शहरात जेमतेम एखाद-दोन किलोमीटर. तिथून पुढे जमिनीखालची फायबर केबल, कंपनीची स्विचिंग यंत्रणा, परत केबल, आणि शेवटी पुण्यातल्या टॉवरवरून समोरच्याच्या फोनपर्यंत पुन्हा हवा. मधला सगळा रस्ता कुणीतरी बांधलेला असतो आणि आपण त्याचं भाडं भरतो, म्हणजेच रिचार्ज.

हॅम रेडिओत, म्हणजे हौशी रेडिओत, माझ्या अँटेनातून निघालेली लहर थेट समोरच्याच्या अँटेनावर जाऊन पडते. मध्ये काहीच नाही. हॅम लोक उंच जागी रिपीटर बसवतात, तो ऐकलेलं पुन्हा जोरात प्रसारित करतो, आणि एरवी आम्ही तो वापरतोही. पण कॉन्टेस्टमध्ये रिपीटरवरून झालेला संपर्क धरत नाहीत. तुमचा रेडिओ, तुमचा अँटेना, मधली हवा आणि डोंगर. एवढ्यावर किती लांब जाता येतं, हीच स्पर्धा.

व्हीएचएफ म्हणजे 30 ते 300 मेगाहर्ट्झच्या लहरी. तुम्ही गाडीत ऐकता ते 88 ते 108 मेगाहर्ट्झचं एफएम याच पट्ट्यात येतं. हॅम लोकांना यातले ठरावीक तुकडे दिलेले असतात. सगळ्यात लोकप्रिय तुकडा 144 मेगाहर्ट्झपासून सुरू होतो: भारतात 146 पर्यंत, अमेरिकेत 148 पर्यंत. याला '2 मीटर बँड' म्हणतात, कारण त्या लहरीची लांबी साधारण दोन मीटर असते. हिशोब सोपा आहे. 300 ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. अँटेना बहुतेक वेळा या लांबीच्या पाव किंवा अर्धा असतो. 146 ला पाव लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास येते. तुमच्या फोनच्या 1800 मेगाहर्ट्झच्या 4जी बँडसाठी तीच पाव लांबी चार सेंटीमीटरच्या घरात येते, म्हणून फोनचा अँटेना आत लपवता येतो आणि माझा मात्र पार्किंगमधल्या सगळ्यांना दिसतो.

कॉन्टेस्ट म्हणजे नेमकं काय

ही स्पर्धा अमेरिकन रेडिओ रिले लीग भरवते. हॅम लोकांची ही संस्था 1914 पासूनची. वर्षातून तीनदा व्हीएचएफ कॉन्टेस्ट होते, जानेवारी, जून आणि सप्टेंबरमध्ये. जूनची स्पर्धा महिन्याच्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. शनिवारी 18:00 यूटीसीला सुरू, सोमवारी 02:59 यूटीसीला बंद, म्हणजे सलग 33 तास. नाव व्हीएचएफ असलं तरी 50 मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वरचे सगळे हॅम बँड चालतात.

करायचं एवढंच: जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं आणि प्रत्येकाशी दोन गोष्टींची देवाणघेवाण करायची. तुमचा कॉलसाइन आणि तुमचा ग्रिड. कॉलसाइन म्हणजे सरकारने दिलेलं तुमचं रेडिओवरचं नाव. ग्रिड ही जरा मजेशीर भानगड आहे.

सगळ्या पृथ्वीचे 2 अंश रेखांश आणि 1 अंश अक्षांश अशा आयतांमध्ये तुकडे पाडलेत आणि प्रत्येकाला दोन अक्षरं आणि दोन आकड्यांचा कोड दिलाय. 1980 मध्ये इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी व्हीएचएफवाल्यांची बैठक झाली, तिथे ही पद्धत पुढे आली, म्हणून नाव 'मेडनहेड लोकेटर'. पुणं एमके68 मध्ये येतं, कोल्हापूर एमके76, नागपूर एमएल91, पणजी एमके65. मुंबईची तर गंमतच आहे: 19 अंश अक्षांशाची रेघ वरळीच्या आसपास शहराला कापते, त्यामुळे कुलाबा एमके68 मध्ये, म्हणजे पुण्याच्या घरात, आणि अंधेरी एमके69 मध्ये. आमच्या नाशिकमधून 20 अंशाची रेघ जाते. गावाची एक बाजू एमके69, दुसरी एमएल60. मला हे अमेरिकेत बसून कळलं. प्ले स्टोअरवर 'ग्रिड लोकेटर' शोधा, फोनच्या जीपीएसवरून तुमचा ग्रिड दोन सेकंदांत दाखवणारी बरीच अॅप्स सापडतील.

गुणांचं गणित असं. 50 आणि 144 मेगाहर्ट्झवरच्या प्रत्येक संपर्काला 1 गुण, 222 आणि 432 ला 2, त्यावरच्या बँडना आणखी जास्त. सगळ्या गुणांची बेरीज करायची आणि तिला ग्रिडच्या संख्येने गुणायचं. प्रत्येक बँडवरचे ग्रिड वेगळे मोजायचे. गुणाकार आहे, बेरीज नाही, हे नीट लक्षात ठेवा. शेजारच्या ग्रिडमधल्या दहा लोकांशी बोलण्यापेक्षा एखादा नवा ग्रिड कधीकधी जास्त देऊन जातो, आणि म्हणून लोक एकेका ग्रिडसाठी अर्धा-अर्धा तास घालवतात. काही जण गाडीवर अँटेना लावून दोन दिवस ग्रिडमागून ग्रिड फिरत राहतात, त्यांना 'रोव्हर' म्हणतात. कुणी डोंगरावर टॉवर उभारून, जनरेटर लावून, दहा जणांची टीम बसवतं. आणि एक गट फक्त एफएम वापरणाऱ्यांसाठी आहे, जास्तीत जास्त 100 वॉट. हातातला साधा रेडिओ घेऊन येणाऱ्या माझ्यासारख्यांची सोय यातच.

माझ्याकडे टेक्निशियन लायसन्स आहे, अमेरिकेतलं सगळ्यात खालच्या पायरीचं. 35 प्रश्न, सगळे पर्यायांचे, 26 बरोबर आले की पास. परीक्षा द्यायला मी घाबरले नव्हते. घाबरले होते ती बोलायला.

खरं सांगते, लायसन्स मिळाल्यावर मी आठ महिने रेडिओचं बटण दाबलंच नव्हतं. नुसती ऐकायची. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं वाक्य संपल्यावर समोरून "सॉरी?" आलं की मला पुढचं सुचत नाही, हे मला माहीत होतं. चॅटवर मी तासन्‌तास बोलेन, पण नुसत्या आवाजावर, चेहरा न दिसता, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे पोटात गोळा. त्यात माझ्या कॉलसाइनमध्ये डब्ल्यू आहे आणि व्हीसुद्धा. मराठी माणसाला हे दोन्ही 'व'च. वेलिंगकरांतला आणि विंडोमधला 'व' आपण एकाच तोंडाने म्हणतो आणि आपल्याला त्यात काही वेगळं वाटतही नाही. इंग्रजी कानाला ती दोन वेगळी अक्षरं असतात.

डोंगर का, आणि किती उंच

व्हीएचएफ लहरी साधारण सरळ जातात. जमिनीच्या गोलाईमुळे पुढचं दिसेनासं होतं तिथे त्याही संपतात, फक्त हवेत थोड्या खाली वाकत असल्याने नजरेच्या जरा पुढे पोचतात. अंदाजासाठी सूत्र: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. हाय पॉइंट साधारण 550 मीटर आहे, न्यू जर्सीतली सर्वांत उंच जागा. म्हणजे रेडिओचं क्षितिज 97 किलोमीटर. समोरचाही उंचावर असेल तर त्याचं क्षितिज त्यात मिळवायचं. कळसूबाईला, 1646 मीटरवर, हाच आकडा 167 येतो. मुंबई आणि पुणं, दोन्ही त्यात येतात. पाच वॉटच्या रेडिओने! माझ्या डोक्यात तो ट्रेक कधीचा आहे, पण लायसन्सचा भारतातला भाग वेगळा, त्याकडे नंतर येते.

वर एक 220 फुटी स्मारक आहे आणि तिथून न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया अशी तीन राज्यं दिसतात. अस्वलंही असतात, त्यामुळे पराठे गाडीतच ठेवावे लागले. पार्क संध्याकाळी बंद होतं, म्हणजे मला 33 पैकी जेमतेम सहा तास.

अँटेनाबद्दल थोडं, कारण हा भाग तुम्हाला घरी करून बघावासा वाटेल. याला 'टेप मेजर यागी' म्हणतात. एका पाइपवर तीन आडव्या पट्ट्या. सगळ्यात मागची लांब, 105 सेंटीमीटरच्या आसपास, ती आरशासारखी लहर पुढे ढकलते. मधली दोन तुकड्यांत, 45-45 सेंटीमीटर, तिला केबल जोडलेली. पुढची आखूड, साधारण 89 सेंटीमीटर, ती लहरीला दिशा देते. जुन्या घरांच्या गच्चीवर टीव्हीचा अँटेना असायचा, त्याच कुळातला हा प्रकार. टॉर्चमध्ये बल्बमागे आरसा असतो तसं काम. बल्ब तेवढाच, पण उजेड एका बाजूला. पट्ट्या मेजरिंग टेपच्या असल्याने झाडात अडकल्या तर वाकतात आणि परत सरळ होतात. सगळा खर्च हार्डवेअरच्या दुकानातला.

दोन वाजले. मी अँटेना आडवा धरून कान लावला. नुसती खरखर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खाली गावात सुद्धा याहून जास्त ऐकू येतं, आणि इथे डोंगरावर शुकशुकाट! मला वाटलं सोल्डरिंग सुटलं. केबल काढून परत लावली. मग कंटाळून अँटेना खाली ठेवताना तो उभा झाला आणि रेडिओ एकदम बोलायला लागला.

चूक बाळबोध होती. लहरीला आडवं-उभं असं अंग असतं, त्याला ध्रुवीकरण म्हणतात. एफएमवाले हातातला रेडिओ उभा धरतात, गाडीचा अँटेनाही उभा, म्हणून त्यांच्या लहरी उभ्या. एसएसबी नावाच्या दुसऱ्या पद्धतीने लांबचे संपर्क करणारे मात्र आडवे अँटेना वापरतात, आणि मी फोटो बघितले होते ते सगळे त्यांचे. दोन्हींत 90 अंशांचा फरक पडला की सिग्नल शंभर पट कमी होऊ शकतो. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत त्यावरचा प्रश्न बरोबरही सोडवला होता.

"अगेन प्लीज?"

आता ऐकू येत होतं, म्हणजे बोलायला निमित्त उरलं नाही.

कॉन्टेस्टमध्ये कुणी "सीक्यू कॉन्टेस्ट" म्हणून आपला कॉलसाइन सांगतो. सीक्यू म्हणजे 'कुणीही या'. तुम्ही फक्त स्वतःचा कॉलसाइन म्हणायचा आणि थांबायचं. तो तुमचा कॉलसाइन परत म्हणतो आणि त्याचा ग्रिड देतो. तुम्ही तुमचा देता. "रॉजर, थँक्स." संपलं. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद. हवामान नाही, तब्येत नाही, "व्हेअर आर यू फ्रॉम" नाही.

अक्षरं मात्र नुसती म्हणायची नाहीत. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, असा ठरलेला शब्द म्हणायचा. लीगच्या मुख्यालयातल्या स्टेशनचा कॉलसाइन डब्ल्यू1एडब्ल्यू आहे, तो हवेत "व्हिस्की वन अल्फा व्हिस्की" असा जातो. माझा ग्रिड एफएन21, म्हणजे "फॉक्सट्रॉट नोव्हेंबर टू वन". विमानांसाठीही हेच शब्द वापरतात, आणि ते निवडताना वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना म्हणता यावेत आणि खरखरीतही ओळखू यावेत हेच बघितलं होतं. हे समजल्यावर माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं. डब्ल्यू आणि व्हीचा प्रश्नच मिटला. एक व्हिस्की, एक व्हिक्टर. 'व' कसाही म्हणा, पुढचा शब्द वेगळा आहे.

पहिल्या संपर्काला मी कॉलसाइन इतक्या घाईत म्हटला की समोरून आलं, "स्टेशन कॉलिंग, अगेन प्लीज?" तेच. ज्याची भीती होती तेच. मी परत म्हटला, सावकाश. त्याने बरोबर उच्चारला, ग्रिड दिला, मी दिला, झालं. पण तोच माणूस पुढच्या दहा मिनिटांत टेक्ससच्या हेल काढणाऱ्या एकाला, न्यूयॉर्कच्या एका म्हाताऱ्याला आणि चालत्या गाडीतल्या रोव्हरला, सगळ्यांना "अगेन प्लीज?" म्हणत होता. ते माझ्या उच्चाराबद्दल नव्हतं. खरखर मध्ये आली की कुणालाही परत विचारतात. त्या शब्दाला इथे काही वजनच नाही, हे मी त्या दुपारी वीसेक वेळा ऐकलं तेव्हा अंगात मुरलं.

चार वाजेपर्यंत वहीत अकरा संपर्क झाले. हो, वहीत. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर आहे, पण एका हातात अँटेना, एका हातात रेडिओ, मग वही मांडीवर आणि पेन दातात. फोनचा उपयोग तीन गोष्टींना झाला: यूटीसी वेळ, होकायंत्र आणि नकाशा. एक वैताग सांगून ठेवते. स्वस्त हातरेडिओ डोंगरावर बहिरे होतात. उंचावर जवळच्या टॉवरांचे सिग्नल इतके जोरात येतात की बिचाऱ्याचा कान भरून जातो आणि दूरचा बारीक आवाज त्यात हरवतो. टॉवरांकडे पाठ करून, स्वतःचं अंग आडोशाला घेऊन उभं राहिलं की थोडा फरक पडतो. बघणाऱ्यांना ते कसं दिसतं, याचा विचार सोडून द्यायचा.

साडेसहाला खरी मजा आली. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकवर, 1064 मीटरवर, कुणीतरी एफएमवर बोलावत होतं. ग्रिड एफएन32. माझ्याकडून सरळ रेषेत 190 किलोमीटर. सूत्राने दोघांची क्षितिजं मिळून 231 येतात, म्हणजे कागदावर जमायला हवं. पण हाय पॉइंटची डोंगररांग पुढे न्यूयॉर्क राज्यात शॉवनगंक नावाने जाते आणि ती नेमकी त्या दिशेला आडवी येते. डोंगराच्या कडेवरून लहर थोडी वाकून पलीकडे उतरते, पण बरीच ताकद तिथे सांडते.

एफएमचा एक स्वभाव आहे. सिग्नल एका पातळीच्या वर असला की आवाज स्वच्छ, खाली गेला की एकदम खरखर. मधलं काही नाही. तो मला ऐकू येत होता, कारण त्याच्याकडे माझ्यापेक्षा खूप जास्त ताकद आणि मोठा अँटेना असणार. माझे पाच वॉट त्याच्याकडे त्या पातळीच्या काठावर पोचत होते. त्याला फक्त "व्हिस्की" कळलं. "व्हिस्की स्टेशन, अगेन." मी परत. दुसरा कुणीतरी मध्ये घुसला, तो जोरात होता, तोच ऐकला गेला. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरातला दुसऱ्याला पुसून टाकतो. त्याच्याशी संपर्क उरकून तो पुन्हा म्हणाला, "नाऊ ओन्ली द व्हिस्की स्टेशन." म्हणजे बाकीच्यांनी थांबा. स्पर्धेत, जिथे त्याला मिनिटाला दोन संपर्क सहज मिळत होते, तिथे तो माझ्यासाठी थांबला होता.

मी स्मारकाच्या दुसऱ्या बाजूला गेले. अँटेना डोक्यावर धरला, इंच-इंच फिरवला. दोन पावलं डावीकडे सरकल्यावर त्याचा आवाज वाढला. व्हीएचएफवर दोन पावलं म्हणजे एक अख्खी लहर, एवढ्याने खडकावरून परावर्तित होऊन येणारी लहर मदत करायची की खोडा घालायचा ते बदलतं. तिथेच एका पायावर भार देऊन उभी राहिले. सातव्या वेळी त्याने पूर्ण कॉलसाइन म्हटला. मग ग्रिडसाठी आणखी तीनदा. "टू वन? टू वन?" "रॉजर, टू वन!" मी जवळजवळ ओरडलेच. शेजारी फोटो काढणाऱ्या कुटुंबातल्या लहान मुलाने टाळ्या वाजवल्या, त्याला काय कळलं देव जाणे.

एका नव्या ग्रिडसाठी साधारण बारा मिनिटं लागली. त्यातला एकही सेकंद आज परत द्यायला मी तयार नाही.

रविवार: आकाशाने आरसा लावला

दुसऱ्या दिवशी आमच्या क्लबमधल्या सत्तरी पार केलेल्या एका गृहस्थांकडे गेले. त्यांच्या घरी 50 मेगाहर्ट्झचा, म्हणजे 6 मीटर बँडचा मोठा अँटेना आहे. सकाळभर त्यावर आसपासचेच लोक. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. फ्लोरिडा! ईएल98 ग्रिड, ऑर्लँडोच्या भागातला, दीड हजार किलोमीटर. आवाज असा की शेजारच्या खोलीतून बोलतोय. मागोमाग आणखी चार-पाच स्टेशनं, सगळी दक्षिणेची.

याचं नाव 'स्पोरॅडिक ई'. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर, आयनोस्फिअरच्या ई थरात, उन्हाळ्यात कधीकधी विद्युतभारित कणांचे दाट ढग जमतात आणि त्यांवरून 50 मेगाहर्ट्झच्या लहरी परत जमिनीकडे फिरतात. एका उडीत हजार-दोन हजार किलोमीटर. हा ढग कधी जमेल, कुठे सरकेल, किती वेळ टिकेल, कुणी नक्की सांगू शकत नाही. आमचा पन्नास मिनिटं टिकला आणि एका वाक्याच्या मध्येच गेला. उत्तर गोलार्धात मे ते ऑगस्ट हा त्याचा मोसम, जूनची कॉन्टेस्ट त्यामुळेच लोकप्रिय.

दुसरी एक वाट आपल्या ओळखीची आहे. समुद्रावर गरम कोरडी हवा वर आणि थंड दमट हवा खाली असे थर बसले की त्यांच्यामध्ये लहर नळीत अडकल्यासारखी दूरवर वाहत जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या एका 200 मेगाहर्ट्झच्या रडारला उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत, हजार ते पंधराशे मैलांवरचे. रडारच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण म्हणून देतात. आपला अरबी समुद्र याबाबतीत जगात नावाजलेला आहे आणि आपण किनाऱ्यावर बसून रील्स बघतो! (मी पण.)

दुपारनंतर बरेच लोक एफटी-8 वर गेले. ही संगणकाने चालवायची डिजिटल पद्धत, 2017 मध्ये आलेली. तिच्या नावातला 'टी' जो टेलर यांचा, ज्यांना 1993 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पंधरा-पंधरा सेकंदांचे ठरावीक संदेश, आणि कानाला अजिबात ऐकू न येणारा सिग्नलही संगणक ओळखतो. तंत्र म्हणून अफाट आहे. पण माझ्या यजमानांची कुरकुर चालली होती की पडद्यावर ओळी सरकताना बघण्याला रेडिओ म्हणायचं का. मला दोन्ही बाजू पटतात, तरी ग्रेलॉकवरचा तो माणूस एफटी-8 वर असता तर संपर्क दीड मिनिटात झाला असता आणि मला त्यातलं काहीही आठवलं नसतं.

भारतात करायचं असेल तर

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारा रेडिओ मागवून थेट बोलायला लागू नका. लायसन्सशिवाय तो वापरणं बेकायदा आहे. वॉकीटॉकी परवान्याची माहिती न देता विकल्याबद्दल 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स साइट्सना नोटिसाही काढल्या होत्या. दिसायला खेळण्यासारखा असला तरी तो पोलिसांच्या किंवा विमानांच्या कामात अडथळा आणू शकतो.

रस्ता अवघड नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा असते, तिला एएसओसी म्हणतात. वयाची अट फक्त 12 वर्षं पूर्ण. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिलीला मोर्स कोड लागत नाही, आणि व्हीएचएफसाठी ती पुरते. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. हैदराबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ प्रशिक्षण देते, आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत हॅम लोकांचे गट आहेत, एकदा जाऊन बसा. तोवर फोनच्या ब्राउझरमध्ये 'वेबएसडीआर' शोधा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ तुम्ही घरबसल्या फिरवू शकता. तो कमी फ्रिक्वेन्सीचा आहे, व्हीएचएफचा नाही, पण हवेत माणसं कशी बोलतात ते कळतं.

माझा हिशोब सांगायचा राहिला. 144 वर 19 संपर्क, म्हणजे 19 गुण. 432 च्या बँडवर 6, म्हणजे 12 गुण. एकूण 31. ग्रिड 144 वर सहा आणि 432 वर तीन, मिळून नऊ. 31 गुणिले 9, 279. रविवारचं यजमानांच्या खात्यात गेलं. ग्रेलॉकसारख्या ठिकाणच्या टीम्स लाखांत गुण करतात, तेव्हा माझा आकडा कुठे असेल ते समजून घ्या. आईला सांगितल्यावर तिने विचारलं, "कितीपैकी?"

पुढे लॉग तपासून आले. सगळ्यांचे लॉग संगणक एकमेकांशी जुळवतो, तुम्ही ज्याच्याशी बोलल्याचं लिहिलंय त्याच्या वहीत तुम्ही आहात का, बरोबर लिहिलंय का. 432 वरच्या एका संपर्कात मी डीच्या जागी बी लिहिला होता. पार्क बंद व्हायला पाच मिनिटं होती, तो घाईत होता, त्याने नुसती अक्षरं म्हटली आणि "अगेन प्लीज?" म्हणायचा मला संकोच वाटला. तो संपर्क बाद. त्या बँडवरचा एफएन30 ग्रिड फक्त त्याच्याकडूनच मिळाला होता, तोही गेला. 29 गुणिले 8, 232.

सप्टेंबरसाठी पाच पट्ट्यांचा यागी बनवायला घेतलाय. पाइप आणलाय, मेजरिंग टेप मात्र या वेळी स्वतःची नाही, रूममेटची कापली.